काडतूस-पुंगळी

बंदूक, रायफल वा पिस्तूल यांच्या काडतुसातील गोळी, दारू आणि दारू पेटवणारी टोपी यांना एकत्र धरून ठेवणारी, एका टोकास बंद असलेली धातूची नळी. पितळ हा तिचा नेहमीचा धातू होय. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त या प्रमाणातील मिश्रधातूस ‘काडतुशी पितळ’ असेच नाव पडले आहे. बार उडाल्यावर गोळी निघून जाते, दारू व टोपीतील द्रव्य जळून जाते आणि पुंगळी तेवढी मागे उरते. ती पुन्हा वापरता यावी ही इच्छा पुंगळीइतकीच जुनी आहे. तीतून निर्माण झालेल्या अडचणींचा इतिहास मोठा उद्‌बोधक असून त्यातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचा संबंध थेट हिंदुस्थानातील पावसाळ्याशी पोहोचतो.

पुंगळीचे काम केवळ डबीचे नाही. दारू पेटताच आत प्रचंड दाब निर्माण होतो. ७·६२ मिमी. च्या लष्करी काडतुसात तो दर चौ. सेंमी. स सु. ३,५०० किग्रॅ. इतका असतो. या दाबाने पुंगळीची भिंत फुगून बंदुकीच्या कोठीच्या पृष्ठास घट्ट चिकटते व तप्त वायूला मागे येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरताच भिंत थोडी आकसते आणि आकडीने पुंगळी बाहेर ओढता येते. म्हणजे क्षणार्धात फुगणे आणि लगेच आकसणे ही दोन्ही कामे त्याच धातूने करावयाची असतात. त्यासाठी पुंगळीचे बूड कठीण व तोंड मऊ ठेवावे लागते. एकाच तुकड्यात हा फरक साधणे हेच या उद्योगातील मुख्य कौशल्य आहे.

पूर्वेतिहास : पितळी पुंगळीपूर्वी काडतूस कागदाचे असे. १८५३ च्या एन्‌फील्ड रायफलीचे चरबी लावलेले कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. त्यावरून जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे उठलेली वार्ता व पुढील उठाव सर्वश्रुत आहे. नवी पश्चभरण बंदूक आल्यावर फाडण्याचा प्रश्नच उरला नाही. वूलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास स्नायडर रायफलीसाठी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी व लोखंडी बूड असलेले काडतूस तयार केले. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी वेगळ्या रचनेची टोपी प्रचारात आणली. बॉक्सर यांच्या रचनेत टोपीच्या आतच लहानशी ऐरण असते आणि पुंगळीच्या बुडास मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी आतून सुईने ढकलून काढता येते. बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असून तिच्या बाजूंस दोन छिद्रे असतात व टोपी काढणे कष्टाचे होते. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली व अमेरिकनाची यूरोपात. ब्रिटिश लष्कराच्या ०·३०३ इंची काडतुसांतही बर्डन टोपीच वापरात राहिली. सैन्यात काडतुसे पुन्हा भरण्याचे कारण नव्हते, हा त्याचा अर्थ.

गुंडाळीच्या पुंगळीची परीक्षा रणांगणावर झाली. मार्टिनी-हेन्री रायफलीतही सुरुवातीस याच जातीचे काडतूस होते. १८८५ मधील सुदानच्या मोहिमेत तापलेल्या व वाळूने भरलेल्या कोठीत पुंगळ्या अडकू लागल्या. आकडीने ओढताच लोखंडी बूड तुटून येई व पितळी नळी आतच राही, आणि शत्रू समोर असताना सैनिकास चाकूने पुंगळी उकरत बसावे लागे. यानंतर पितळाच्या एकाच तुकड्यातून ओढून काढलेल्या अखंड पुंगळीकडे वळण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

खडकी येथील कारखाना : पुण्यानजीक खडकी येथे १८६९ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना सुरू झाला. डमडमचा कारखाना त्याहून जुना, १८४६ चा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जेथे पेशव्यांच्या व इंग्रजांच्या सैन्यांची गाठ पडली, त्याच परिसरात अर्धशतकानंतर इंग्रज सरकारने आपल्या दारूगोळ्याची सोय केली. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण होते. त्यामुळे कारखान्यांना नवी व जुनी अशी दोन्ही प्रकारची काडतुसे दीर्घकाळ पुरवावी लागली. पुढे ०·३०३ इंची काडतूस आले व दोन महायुद्धांत तेच मुख्य उत्पादन ठरले.

पुंगळी तयार करण्याची रीत तेव्हापासून तत्त्वतः बदललेली नाही. पितळी पट्टीतून चकती कापून तिला दाबयंत्राने वाटीचा आकार देतात. ही वाटी ठशातून पुन्हा पुन्हा ओढून लांब व पातळ करतात. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकाविना ठाऊक असते. ठोकून कडक झालेले भांडे तो भट्टीत तापवून मऊ करतो व पुन्हा ठोकू लागतो. कारखान्यातही प्रत्येक ओढीनंतर वाटी तापवून मऊ करतात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. तापविल्याने पृष्ठावर आलेला काळा थर विरल सल्फ्यूरिक अम्लात काढून, धुऊन व साबणाच्या पाण्याने गुळगुळीत करून मग पुढची ओढ घेतात. शेवटी बूड दाबून टोपीची खाच पाडतात, कडेची खोबण कातून काढतात, तोंड निमुळते करतात आणि तेवढेच पुन्हा तापवितात. लष्करी पुंगळीच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा या शेवटच्या तापविण्याचा होय. पुष्कळांना तो डाग वाटतो; वस्तुतः तो काम नीट झाल्याची खूण आहे.

मोसमी तडे : ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील कोठारांत एक विचित्र प्रकार वारंवार आढळू लागला. कोरी काडतुसे पेटीतून काढावीत तो पुंगळ्यांना उभ्या चिरा पडलेल्या असत. ना आघात, ना उष्णता, ना वापर. हे विशेषतः पावसाळ्यात घडे, म्हणून इंग्रजीत त्यास ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे मोसमी तडे, असे नाव पडले. घोडदळाच्या छावण्यांत पावसाळ्यापुरती काडतुसे तबेल्यांत ठेवली जात, असे या संदर्भात नेहमी सांगितले जाते. अशा छावण्या देशभर होत्या. मराठवाड्यातील हिंगोली व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथेही निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्‌जंट फौजेची ठाणी होती आणि १९०३ मध्ये ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली.

चिरा पडण्याचे कारण बराच काळ उमगले नाही. पितळ अशुद्ध आहे, ओढकाम निकृष्ट आहे, हवामानाचा दोष आहे, असे नाना तर्क होत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्‌सेल व मॅलिन्‌सन या तिघा संशोधकांनी कोड्याचा उलगडा केला. घोड्याच्या मुताचे विघटन होऊन अमोनिया वायू तयार होतो. दमट हवेत तो पितळाच्या पृष्ठावरील पाण्याच्या पातळ थरात विरघळतो व तांब्याशी विद्राव्य संयुगे बनवतो. पण एवढ्याने धातू फुटत नाही. ओढकामामुळे पुंगळीत अडकून राहिलेला अंतर्गत ताण त्याच्या जोडीला असला, म्हणजे धातूच्या स्फटिककणांच्या सीमा ओळीने उकलत जातात व चीर आरपार जाते. अमोनिया, ओल, हवेतील ऑक्सिजन आणि ताण या चौघांची गाठ पडल्याशिवाय हे घडत नाही. म्हणूनच तबेला, पावसाळा व कडक ओढलेले पितळ यांचा मेळ इतका घातक ठरला. जस्ताचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या पितळात हा धोका विशेष असतो आणि काडतुशी पितळात ते याच्या दुप्पट आहे.

कारण कळल्यावर उपाय सोपा होता. तयार पुंगळी २५०° ते ३००° से. पर्यंत काही काळ तापविली, तर तिचा कठीणपणा फारसा न घटता अडकलेला ताण निघून जातो. ताण उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी नमुना मर्क्युरस नायट्रेटाच्या विद्रावात बुडवितात. ताण असेल तर थोड्याच वेळात चीर दिसते. ताणलेल्या धातूवर संक्षारक द्रव्याचा परिणाम हा पुढे धातुविज्ञानाचा एक स्वतंत्र विषय झाला व विमाने, बाष्पित्रे, नळ यांच्या अभ्यासास उपयोगी पडला. येथे आपल्या कल्हईवाल्याची आठवण होणे साहजिक आहे. तो वापरतो तो नवसागर हे अमोनियाचेच लवण. परंतु कल्हईसाठी भांडे निदान कथिल वितळेपर्यंत, म्हणजे २३२° से. वर तापवावे लागते आणि हे तापमान वर सांगितलेल्या तापमानाच्या फार दूर नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुनर्भरण व स्वच्छता : काळ्या दारूच्या काळात शिकारी आपली पितळी काडतुसे स्वतःच भरत. काळ्या दारूचा मळ ओल धरणारा असल्याने बार उडवल्यावर पुंगळ्या लवकर धुणे भाग पडे. धूमरहित दारू आली तेव्हा हा त्रास संपेल असे वाटले होते, पण झाले उलटे. टोपीत त्या काळी मर्क्युरी फल्मिनेट असे. काळ्या दारूचा भरपूर मळ त्यातील पारा शोषून घेई. धूमरहित दारूत मळच नसल्याने पारा थेट पितळात मुरू लागला व पुंगळी ठिसूळ होऊ लागली. अमेरिकन सैन्यात सरावासाठी काडतुसे पुन्हा भरण्याची पद्धत असल्यामुळे तेथील फ्रँकफर्ड शस्त्रागाराने १८९८ च्या सुमारास पारा नसलेली टोपी स्वीकारली. तीत पोटॅशियम क्लोरेट होते. त्याच्या ज्वलनाने उरणारे क्लोराइड मिठासारखे ओल ओढून बंदुकीची नळी गंजवी. पुंगळी वाचली ती नळीच्या जिवावर. हा पेच १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेड स्टिफ्नेटाच्या टोप्या आल्यावर सुटत गेला. शिशाचे विषारी अवशेष मात्र त्यांच्याबरोबर आले.

पुनर्भरणाची यंत्रे साध्या हातदाब्यापासून सुरू झाली. त्यात एका वेळी एका पुंगळीवर एकच क्रिया होते. खासगी नेमबाजांच्या हौशीतून अमेरिकेत क्रमिक यंत्रे विकसित झाली. फिरत्या तबकडीवर अनेक पुंगळ्या बसवून दांड्याच्या प्रत्येक खेपेस जुनी टोपी काढणे, आकार देणे, नवी टोपी बसविणे, दारू घालणे व गोळी बसविणे ही कामे वेगवेगळ्या पुंगळ्यांवर एकाच वेळी होतात आणि प्रत्येक खेपेस एक पूर्ण काडतूस बाहेर पडते. तासाला काही शे काडतुसे, हा त्यांचा आवाका. वेग वाढला, पण विश्वसनीयतेचा प्रश्न बिकट झाला. साध्या यंत्रात कारागीर प्रत्येक पुंगळी हाताळतो, क्रमिक यंत्रात लक्ष एकाच वेळी चार-पाच ठिकाणी ठेवावे लागते. टोपी अडली की सारी तबकडी थांबते. ती जोराने पुढे ढकलली वा मागे फिरवली तर एखादी पुंगळी दारूविना जाते किंवा तीत दुप्पट दारू पडते. पहिल्या प्रकारात गोळी नळीत अडकून राहते व पुढचा बार नळी फोडतो; दुसऱ्या प्रकारात पुंगळी व कोठी यांचेच तुकडे होतात. यंत्राचे सांधे झिजणे, तबकडी किंचित सरकणे, वेगवेगळ्या कारखान्यांच्या जाड-पातळ पुंगळ्या मिसळणे ही कारणे क्षुल्लक दिसतात. परंतु बहुतेक खोळंबे तेथूनच सुरू होतात. दारूची पातळी तपासणारी योजना यंत्रातच असावी, असा आग्रह म्हणूनच धरला जातो.

मळकी पुंगळी ठशावर ओरखडे पाडते व हे ओरखडे पुढील प्रत्येक पुंगळीवर उमटतात. त्यामुळे स्वच्छता ही शोभेची बाब नाही. तांब्या-पितळेची भांडी चिंच, आमसूल किंवा लिंबाने उजळण्याची घरोघरची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. सौम्य अम्ल पृष्ठावरील ऑक्साइड विरघळवते व धातूस फारसा धक्का लावीत नाही. पुनर्भरण करणारे सायट्रिक अम्लाचे सौम्य पाणी वापरतात ते यासाठीच. मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा घातलेली थरथरणारी भांडी, पाण्यासह पोलादाच्या बारीक सळ्या घालून फिरवण्याचे पिंप, आणि श्राव्यातीत तरंगांची टाकी ही त्यांची इतर साधने. भुग्याच्या धुळीत टोप्यांतील शिसे उतरते, म्हणून अशी भांडी राहत्या खोलीत चालविणे अपायकारक असते. अमोनिया असलेली झिलईची द्रव्ये तर पुंगळीच्या बाबतीत वर्ज्यच. तबेल्यात जे नकळत घडले तेच येथे हौसेने घडते. अतिरिक्त चकाकी फसवीही असते. बुडाजवळ आतून पातळ पडलेल्या पुंगळीवर बाहेरून एक उजळ कडे दिसते व ती लवकरच तेथून तुटणार असल्याचे कळते. सगळीच पुंगळी आरशासारखी घासली, की ही खूण नाहीशी होते.

भारतातील स्थिती : भारतात हा खासगी उद्योग रुजला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. सैन्य व पोलीस यांच्या सरावाच्या मैदानावर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत केल्या जातात. त्या पुन्हा भरण्याऐवजी पितळ म्हणून वितळविणे अधिक सोयीचे ठरते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर दारूगोळ्याचे उत्पादन वाढविण्याची निकड भासली. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना उभा राहिला. ०·३०३ इंची काडतुसाची जागा प्रथम ७·६२ मिमी. च्या व १९९० नंतरच्या दशकात ५·५६ मिमी. च्या काडतुसाने घेतली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी व वरणगाव हे कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लि. या कंपनीकडे आले, तर अंबरनाथचा पितळाचे काम करणारा कारखाना नागपूरच्या यंत्र इंडिया लि. कडे गेला. परवानाधारक नागरिकांसाठी खडकीत तयार होणारे १२ बोअरचे ‘शक्तिमान’ काडतूस महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहे.