खाडीवरची जकात आणि माणसांचा करार

भाईंदरहून सकाळच्या गाडीनें चर्चगेटास जाणारा चाकरमानी वांद्रें व माहीम यांच्यामधली खाडी मिनिटाभरांत ओलांडतो. त्या वेळीं तो बहुधा उभ्याउभ्या पेंगत असतो किंवा शेजाऱ्याचा कोपर चुकविण्यांत गुंतलेला असतो. आपण एक जुनी सरहद्द ओलांडीत आहों असें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु १६६५ पासून १७७४ पर्यंत हें पाणी म्हणजे दोन राज्यांमधली सीमा होती. दक्षिणेस इंग्रजांची मुंबई; उत्तरेस साष्टी, आधीं पोर्तुगालच्या राजाची व १७३७ नंतर पेशव्यांची. मिरें, भाईंदर, घोडबंदर, उत्तन हीं गांवें त्याच साष्टीचीं किंवा तिला लागून असलेलीं. आज ज्यांस मिळून मीरा-भाईंदर महानगरपालिका म्हणतात, त्या गांवांतला कुणबी त्या काळीं खाडी उतरून मुंबईस गेला, तर त्याच्या जाण्यावर दोन दरबारांत वाद होत असे. त्या वादाचें स्मरण होण्यास कारण आजचें आहे.

२४ जुलै २०२५ रोजीं हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यामध्यें व्यापाराचा करार झाला. युरोपीय संघांतून बाहेर पडल्यानंतर ब्रिटननें केलेल्या करारांत हा एक मोठा करार होय. तो होण्यास साडेतीन वर्षें लागलीं, आणि वाटेंत जे अडथळे आले त्यांत व्हिस्कीवरची जकात जशी होती तसाच माणसांचा प्रश्नहि होता. विलायतेंतील मुत्सद्दी वारंवार सांगत आले कीं, व्यापार ही एक गोष्ट व परदेशीयांचा प्रवेश ही दुसरी. या दोहोंची गल्लत करूं नये. युक्तिवाद ऐकण्यास नीटस आहे. पण मुंबई बेट इंग्रजांच्या हातीं आलें तेव्हांचीं कलमें ज्यानें वाचलीं आहेत, त्यास तो पटणें कठीण.

चार्ल्स राजा व कॅथरीन राजकन्या यांच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजीं झाला. (ब्रिटिश मतदारांनीं युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला तीहि तारीख २३ जून, साल २०१६. योगायोगापलीकडे यांत कांहीं नाहीं.) या तहाच्या अकराव्या कलमानें मुंबईचें बंदर व बेट इंग्लंडच्या राजास मिळालें. पण बेट म्हणजे नेमकें कोठवर, यावरून तंटा लागला. ताबा घेण्यास आलेला सर अब्राहम शिपमन हा गोव्याच्या दक्षिणेस अंजदीव बेटावर खितपत पडला व १६६४ सालीं तेथेंच वारला. त्याचे बरेचसे शिपाईहि तापानें मेले. अखेर त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक यानें १६६५ च्या आरंभीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें घातलेल्या अटी मान्य करून बेट ताब्यांत घेतलें.

या अटी मुळांतून वाचण्याजोग्या आहेत. पहिल्या कांहींमध्यें मालाची सोय आहे: साष्टी, वसई, ठाणें येथील पोर्तुगीज प्रजेच्या गलबतांवर मुंबईंत जकात बसूं नये, वांद्र्याच्या नदींतून त्यांस निर्वेध जातां यावें, कोणाच्या धर्मांत हात घालूं नये. आणि मग एका कलमांत माणसांचा विषय निघतो. पोर्तुगीज गांवांतले कुणबी, भंडारी व इतर रयत यांस मुंबईंत थारा देऊं नये. कोणी आलाच तर त्यास ताबडतोब धन्याच्या हवालीं करावें. पळून आलेले गुलाम व कारागीर यांनाहि तोच नियम. मालासाठीं खाडी मोकळी आणि माणसासाठीं बंद, असा हा तह होता.

त्यांत माणसांची एवढी धास्ती कां, हें समजण्यास साष्टीची शेतीव्यवस्था ध्यानांत घ्यावी लागते. वसई प्रांत १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आला. पुढें तेथील गांवें फिरंगी सरदारांस व धर्मसंघांस सालीना ठराविक फाळ्यावर मिळालीं, आणि जमिनीबरोबर ती कसणाराहि मिळाला. मिठागरें, भातखाचरें व ताडामाडांच्या वाड्या हात राबल्यावांचून पिकत नाहींत. हात निघून गेले तर सरदाराच्या सनदेची किंमत कागदाएवढीच. शिवाय पोर्तुगीज राज्यांत हिंदूंच्या पोरक्या मुलांस चर्चच्या ताब्यांत घेण्याचा कायदा होता. तेव्हां बापानें मरण्यापूर्वीं कुटुंब खाडीपलीकडे धाडावें, यांत नवल कसलें? गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द काश्त्रु यानें आपल्या राजास कळविलेंच होतें कीं, इंग्रज मुंबईंत बसले म्हणजे हिंदुस्थान आपल्या हातचा गेला. तो केवळ आरमाराचा विचार करीत होता असें मला वाटत नाहीं.

कुकचा करार लंडनांत कोणास रुचला नाहीं. राजानें तो नाकारला. मग पोर्तुगीजांनीं दुसरें हत्यार उचललें. मुंबईस धान्य, लाकूड व माल आणणाऱ्या वाटा ठाणें व करंजा या पोर्तुगीज नाक्यांवरून जात. तेथें त्यांनीं जकात लादली, व इंग्रजांच्या तक्रारींचे कागद वर्षानुवर्षें गोव्यास जात राहिले. २७ मार्च १६६८ च्या सनदेनें राजानें सालीना दहा पौंड खंडावर बेट ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर हा व्यापारी माणूस. ज्या बेटांत माणूस नाहीं त्यांत बाजार नाहीं, हें त्यानें ओळखलें व शक्य त्या मार्गानें माणसें बोलावलीं. दीवचा निमा पारख नांवाचा वाणी मुंबईस येऊन राहण्यास तयार होता, पण त्यानें आधीं अटी घातल्या: आमच्या धर्माचरणास कोणी अडथळा करूं नये, आमच्या वस्तींत जीवहत्या होऊं नये, आम्हांस पहाऱ्याच्या चाकरीस धरूं नये. १६७७ सालीं कंपनीनें त्या पत्करल्या. सुरतेस पेढी असलेल्या इंग्रजांनीं दीवच्या एका वाण्यापुढें इतकें नमावें, हें आजच्या परदेशगमन-खात्याच्या खिडकीपुढें रांगेंत उभे राहणाऱ्यांस गंमतीचें वाटेल. जॉन फ्रायर या वैद्यानें त्याच सुमारास मुंबईची वस्ती साठ हजार सांगितली आहे, व ती पोर्तुगीजांच्या वेळेपेक्षां पन्नास हजारांनीं अधिक असें म्हटलें आहे. आंकडा अंदाजी असेल; दिशा मात्र स्पष्ट आहे.

साष्टी १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं जिंकली आणि सालबाईच्या १७८२ च्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. खाडीवरची सरहद्द गेली. पुढें सत्तेची वाट एकाच दिशेनें वाहूं लागली: इंग्रज कोठेंहि जाई, आणि हिंदी माणूस साम्राज्याला मजूर हवा असेल तेथें नेला जाई. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्यानें राष्ट्रकुलांतील लोकांस विलायतेंत येण्याची मोकळीक कायम राहिली होती. १९६२ च्या कायद्यानें तिला खीळ बसली. म्हणजे ज्या राष्ट्रानें पोर्तुगीजांचें माणसें-परत-द्या हें कलम एकदां झुगारलें, तेंच तीनशें वर्षांनीं तसल्या कलमांचें कर्ते बनलें.

२०१६ च्या नोव्हेंबरांत पंतप्रधान थेरेसा मे दिल्लीस व्यापार वाढविण्यासाठीं आल्या. हिंदी पक्षानें विद्यार्थी व कारागिरांच्या प्रवेशाची गोष्ट काढतांच उत्तर मिळालें कीं, विलायतेंत राहण्याचा हक्क नसलेल्या हिंदी लोकांस तुम्ही लवकर परत घेतलें, तर सवलतींचा विचार होईल. मे २०२१ मध्यें झालेल्या करारांत दोन्ही गोष्टी एकत्र बसल्या: तरुण पदवीधरांस दोन वर्षें राहण्याच्या वर्षास तीन हजार जागा, आणि बेकायदा राहिलेल्यांची परतपाठवणी. २०२२ च्या दिवाळीपर्यंत व्यापाराचा करार पुरा करण्याचा संकल्प होता. त्याच महिन्यांत गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनीं, मुदत संपूनहि राहणाऱ्यांत हिंदी लोकच सर्वांत अधिक, असें म्हणून कराराविषयीं शंका काढली. बाईंचे वडील गोमंतकीय वंशाचे, हा इतिहासाचा खोडसाळपणा. दिवाळी गेली, करार तीन वर्षें पुढें गेला. तो झाला तेव्हां व्हिस्कीवरची १५० टक्के जकात आधीं ७५ व दहा वर्षांत ४० वर आणण्याचें ठरलें, आपल्या बहुतेक मालास विलायतेंत जकातमाफी मिळाली, आणि थोड्या मुदतीसाठीं धाडलेल्या नोकरांस तेथील विमा-वर्गणींतून तीन वर्षें सूट मिळाली. स्वयंपाकी, योगशिक्षक व शास्त्रीय गवई यांस मिळून वर्षाकाठीं १,८०० जागा. पुढें ऑक्टोबरांत पंतप्रधान स्टार्मर मुंबईस आले, तेव्हां प्रवेशपरवाने हा चर्चेचा विषयच नाहीं असें त्यांनीं निघण्यापूर्वींच बजावलें होतें.

या कथेस एक आडवाट आहे, आणि ती उत्तन-डोंगरीवरून जाते. तेथल्या ख्रिस्ती कोळी व शेतकरी कुटुंबांचीं आडनांवें पोर्तुगीज, घरची भाषा मराठीची. गोव्याहून मुंबईस नोकरीसाठीं येणाऱ्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे आहों व इंग्रजी अमलांतले जुने रहिवासी आहों हें दाखविण्यासाठीं त्यांच्या समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या वेळीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. त्या वेळीं तें फायद्याचें वाटलें. पण गोवें, दमण व दीव १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगालकडे राहिलीं, आणि तत्पूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क त्या देशाच्या कायद्यानें उरला. तो दाखला घेऊन हजारों गोमंतकीय स्विंडनास व दमण-दीवचे लोक लेस्टरास युरोपीय संघाचे नागरिक म्हणून जाऊन राहिले; त्यासाठीं त्यांस हिंदी नागरिकत्व सोडावें लागलें. ३१ डिसेंबर २०२० रोजीं ती वाट बंद झाली. उत्तनच्या डिमेलोस वा परेरास ती कधींच उघडी नव्हती. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हांच लिस्बनच्या दप्तरांतून त्यांचे पूर्वज निघाले. आणि आज तें दप्तर त्यांच्यासाठीं उघडलें, तरी तेथून विलायतेचें दार उघडत नाहीं.