मागच्या अंगणातली बिअर

मुंबई इलाख्याच्या अबकारी खात्याचे जुने अहवाल मी गेली बारा-तेरा वर्षे नोकरी सांभाळून वाचतो आहे. घरोघरच्या भट्ट्या मोडाव्यात, दारू एकाच जागी गाळली जावी, म्हणजे सरकारचा कर बुडणार नाही, हा विचार त्यांत पुन्हा पुन्हा भेटतो. वाचताना मनात येई, या साहेबलोकांच्या स्वतःच्या मुलखात घरगुती बिअरचे काय झाले? मुलीकडे इंग्लंडला जाणे झाले, तेव्हा उत्तर शोधायला मी कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनला गेलो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरचे हे लहानसे गाव एकेकाळी कथलाच्या व्यापाराचे ठाणे होते. खाणीतले कथील वितळवून त्याच्या लाद्या इथे आणत आणि प्रत पारखायला लादीचा कोपरा छाटत. कोपऱ्याला जुन्या फ्रेंचमध्ये ‘क्वाँ’ म्हणतात. त्यावरून या तपासणीला ‘कॉइनेज’ हे नाव पडले आणि मुख्य रस्ता झाला कॉइनेजहॉल स्ट्रीट. 1838 मध्ये ही पद्धत बंद झाली, रस्त्याचे नाव तेवढे राहिले. याच रस्त्यावर ‘ब्लू अँकर’ आहे. दगडी भिंती, वर गवताचे शाकारलेले छप्पर. क्षणभर वाटले, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घरासमोरच उभा आहे.

पंधराव्या शतकात ही साधूंची उतरण्याची जागा होती, असे सांगतात. आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यानंतर ती सार्वजनिक मद्यशाळा झाली. खाणकामगारांची मजुरी इथेच वाटली जाई. हातात आलेला पैसा त्याच छपराखाली किती उरत असेल, हे सांगायला नको! 1883 मध्ये पार्लमेंटने पबमध्ये मजुरी वाटण्याविरुद्ध कायदाच केला, यावरून ही खोड देशभर किती मुरलेली होती ते कळते.

या घराचे वेगळेपण मात्र मागच्या अंगणात आहे. बिअर तिथेच बनते आणि पुढच्या दोन लहान खोल्यांत विकली जाते. पूर्वी इंग्लंडात हे नवलाचे नव्हते. मुळात हे बायकांचे काम. बिअर करणाऱ्या बाईसाठी इंग्रजीत ‘ब्रूस्टर’ असा स्वतंत्र शब्द होता, आज तो आडनावापुरता उरला आहे. मग मोठे कारखाने आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी शेअर विकून भांडवल उभारले आणि पबच्या पब विकत घेतले. विकलेल्या पबात मालकाचीच बिअर. 1880 मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो थेट बिअरवर बसवला आणि घरापुरती बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. ती अट सुटायला 1963 साल उजाडावे लागले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. 1970 च्या सुमारास जुन्या परंपरेतले, स्वतःची बिअर करणारे पब उरले होते अवघे चार: हेल्स्टनचा हा, बिशप्स कासलचा ‘थ्री टन्स’, मॅडलीचा ‘ऑल नेशन्स’ आणि नेदरटनचा ‘ओल्ड स्वान’. शेवटचा तर डोरिस पार्डो या बाईंनी 1984 मध्ये वारेपर्यंत चालवला. आजही लोक त्याला ‘मा पार्डोज’ म्हणतात. ब्रूस्टर हा शब्द मेला, पण ब्रूस्टर मेली नव्हती.

हेल्स्टनच्या बिअरचे नाव ‘स्पिंगो’. कृती आडवळणाची नाही. सातूला मोड आणून वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे, उतरलेला गोड रस हॉप्स घालून उकळायचा, निवल्यावर यीस्ट घालायचे. पिंपात भरल्यावरही यीस्ट जिवंत असते, आंबणे हळूहळू चालूच राहते. म्हणून ती फार थंड करत नाहीत, वरून गॅस सोडत नाहीत. ‘मिडल’ मी आधी घेतली. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या जवानांसाठी ती प्रथम केली, असे इथे सांगतात. तांबूस रंग, काकवीसारखा वास, शेवटी जिभेवर बेताचा कडूपणा. ‘स्पेशल’ साडेसहा टक्क्यांच्या वरची. ती अर्धीच घेतली आणि अर्धीही जास्त झाली. चवीचा मी जाणकार नाही. पण मुंबईच्या हॉटेलात मिळणारी बर्फगार बिअर आणि ही, यांना एकच नाव का द्यावे, हे कळेना.

आपल्याकडे 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला तो चार्ल्स प्रिचर्डच्या आग्रहाने. माडागणिक कर वाढला, भंडाऱ्यांच्या घरच्या भट्ट्या गेल्या, उरणच्या मोठ्या भट्ट्या फोफावल्या. 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यातली मोहाची फुलेसुद्धा कायद्याच्या कक्षेत आली. दोन्हीकडे सरकारला कर एकाच दारातून हवा होता, हे खरे. पण इंग्लंडात पबवाल्याला निदान किंमत मोजून विकत घेतले. त्याने ‘नाही’ म्हटले तर तो हेल्स्टनसारखा तगूही शकला. आमच्या भंडाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

काउंटरवरच्या माणसाला मी माडीविषयी सांगितले. झाडावर चढून पोय कापतात, पहाटे उतरवलेला रस गोड, संध्याकाळी तोच आंबट. त्याने पेला पुसता पुसता विचारले, ‘‘तुमच्याकडे आलो तर कुठे प्यायला मिळेल?’’ मी त्याला 1949 चा दारूबंदी कायदा आणि पिण्याचा परवाना समजावून सांगू लागलो. परवाना माझ्याकडेही नाही, हे त्याला सांगितले नाही.