अनुस्वार आणि इशारा

दिवाळीत मुलगा पुण्याहून चिखलीला आला, तोही लॅपटॉप घेऊनच. पडद्याकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या. न राहवून विचारलं, "काय रे, चुकलं का काही?"

"चुकलं नाही बाबा, जुनं झालं."

त्याच्याकडे ग्रेडल नावाचं साधन आहे, प्रोग्रॅमचे सुटे भाग जुळवून देणारं. त्याच्या एका प्लगइनमधले काही आदेश आता कालबाह्य ठरले आहेत. ते अजून चालतात, पण दरवेळी इशारा मिळतो. त्यानं उदाहरण दिलं. २०१७ साली 'कंपाइल' या शब्दाऐवजी 'इम्प्लिमेंटेशन' आला. जुना लगेच काढला नाही. काढला तो २०२१ सालच्या सातव्या आवृत्तीत. मधल्या काळात ज्यांनी इशारे वाचले नाहीत, त्यांचं काम अडलं. म्हणून सगळे इशारे एकदा काढून पाहायचे, एकेक जागा बदलायची. आणि कुणी जुन्याच आवृत्तीवर असेल, तर आवृत्ती तपासून त्याच्यासाठी जुना आदेशही ठेवायचा.

मला एकदम आमचे अनुस्वार आठवले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली आणखी चार नियम आले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'कांहीं'चं 'काही', 'मुलें'चं 'मुले'. पण नियमांतच एक सोय होती: केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि चिपळूणकरांपर्यंतचं गद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापावं. नव्यासाठी नवा नियम, जुन्याला जुना.

मी तेव्हा नवा मास्तर. वडिलांचं पत्र आलं, जुन्या वळणाचं, अनुस्वारांनी भरलेलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा शहाणपणा म्हणून लाल पेन्सिलीनं गोल करून त्यांना दाखवलं. मोजून एकवीस. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाचता आलं ना तुला?"

त्यानंतर त्यांची पत्रं आखूड झाली. पुढे पुढे तर नुसतं खुशालीचं कार्ड यायचं, तेही शेजारच्या मुलाच्या हातचं. त्यात एकही जादा अनुस्वार नसे.

मुलाला हे सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाबा, तो इशारा होता. तुम्ही चूक समजलात."

असो. ते लाल गोलांचं पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे. आज पुन्हा वाचलं. अक्षर न् अक्षर वाचता आलं.