मुंबईतील चिनी समाज आणि १९६२ नंतरचा चीनविरोध

मुंबईतील चिनी समाज हा प्रामुख्याने दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मुंबई बंदरात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा लहान समुदाय आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर या समाजाला संशय व कायदेशीर निर्बंध यांना तोंड द्यावे लागले आणि पुढील दोन दशकांत त्यातील अनेक कुटुंबे देशांतरित झाली.

पूर्वपीठिका

मुंबई आणि कँटन यांचा व्यापारी संबंध अफू व कापसाच्या व्यापारातून दृढ झाला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीचा पाया याच व्यापारात आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर चिनी माणसे आणखी एका मार्गाने आली, ते म्हणजे कैदी म्हणून. मलायाच्या ब्रिटिश वसाहतींतील चिनी व मलायी कैद्यांसाठी १८३४ च्या सुमारास महाबळेश्वर येथे तुरुंग उभारण्यात आला व तो १८६४ पर्यंत चालू होता. या कैद्यांनी रस्ते बांधले, टोपल्या विणल्या आणि भाजीपाला पिकवला.

मुंबईत स्थायिक झालेले चिनी लोक गोदीजवळील माझगाव आणि कामाठीपुऱ्यालगतची सुखलाजी स्ट्रीट येथे राहत. खलाशी व सुतार, जोडे बनवणारे, केशभूषा करणारे, रेशमी कापडाचे फिरते विक्रेते, उपाहारगृहांचे चालक आणि दंतवैद्य हे त्यांचे प्रमुख व्यवसाय होते. दंतवैद्यांमध्ये हुपे प्रांतातून आलेले लोक अधिक होते. माझगाव येथे १९१९ साली उभारलेले सी यूप मंदिर आजही आहे. तेथे क्वान कुंग या योद्धा-देवतेची पूजा होते. अँटॉप हिल येथे या समाजाची दफनभूमी आहे.

‘सी यूप’ म्हणजे चार परगणे. क्वांगतुंगमधील या चार परगण्यांतूनच ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णक्षेत्रांत हजारो लोक गेले होते. मेलबर्न शहरातही याच नावाचे मंदिर आहे. एकाच मुलखातून दोन दिशांना निघालेल्या या माणसांच्या वाट्याला पुढे काय आले, याची तुलना उद्बोधक ठरते.

ऑस्ट्रेलियातील अनुभव

१८५१ मध्ये न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या वसाहतींत सोने सापडले. सोन्याचे वरचे थर संपत आले तसा गोऱ्या खाणकामगारांचा रोष चिनी खाणकामगारांकडे वळला. सोडून दिलेल्या खाणींतील मातीतूनही चिनी लोक चिकाटीने सोने काढत आणि हेच अनेकांच्या डोळ्यांत खुपत असे. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी प्रवाशावर १० पौंडांचा कर बसवला आणि जहाजाच्या दर दहा टन वजनामागे एकाच चिनी प्रवाशाला परवानगी ठेवली. त्यावर उपाय म्हणून जहाजे शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात लागू लागली आणि प्रवासी तेथून चारशेहून अधिक किलोमीटर पायी चालत खाणींपर्यंत पोहोचले. १८५७ मध्ये बकलंड नदीच्या काठी व १८६०-६१ मध्ये लॅम्बिंग फ्लॅट येथे चिनी वस्त्यांवर जमावाने हल्ले केले. त्यानंतर न्यू साउथ वेल्सनेही चिनी प्रवेशावर निर्बंध घातले, आणि १९०१ च्या देशव्यापी प्रवेश-निर्बंध कायद्याने या धोरणाला कायम रूप दिले.

तेथील विरोध प्रथम जमावात दिसला आणि कायदा मागाहून आला. भारतात मात्र युद्ध सुरू होताच कायदा आला, आणि शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर त्याच्यामागून बदलली.

१९६२ आणि नंतर

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. १९५४ च्या पंचशील करारानंतर तर ‘हिंदी-चिनी भाई भाई’ ही घोषणा शाळांतूनही ऐकू येई. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्ध सुरू झाले आणि २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी तेव्हापासूनच रुळले.

याच दिवसांत परकीय नागरिकांविषयीचा कायदा व त्याखालील आदेश कडक करण्यात आले. चिनी नागरिकाला नोंदवलेला पत्ता सोडून चोवीस तासांहून अधिक काळ परवानगीशिवाय बाहेर राहता येत नसे. आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता एवढ्यावरूनही माणूस निर्बंधांच्या कक्षेत येऊ शकत होता. म्हणजे जन्म मुंबईचा आणि चीन कधी पाहिलेलाही नाही, अशी माणसेही संशयित ठरू शकत. मुंबईतील बँक ऑफ चायनाची शाखा व चिनी वाणिज्य दूतावास १९६२ मध्ये बंद झाले. दूतावास पुन्हा उघडण्यास १९९२ साल उजाडले.

अटकेचा सर्वाधिक फटका आसाम व बंगालमधील चिनी वस्त्यांना बसला. तेथील सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,४०० जण १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून मद्रास बंदरातून गेले. शेवटचे कैदी १९६७ मध्ये सुटले. यांतील कोणावरही हेरगिरीचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाल्याचा उल्लेख या प्रकरणाच्या इतिहासात येत नाही, हे मुद्दाम नमूद करणे योग्य होईल. जॉय मा व दिलीप डिसूझा यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईतील बहुतांश कुटुंबे छावणीपासून दूर राहिली, तरी पोलिसांकडील नोंदणी आणि ग्राहकांची पाठ यांमुळे अनेकांनी पुढे कॅनडा, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाची वाट धरली. वंशावरून प्रवेश नाकारण्याचे धोरण ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये सोडले होते.

खाद्यसंस्कृती

समाज आकसला, पण त्याचे अन्न पसरले. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत ‘चिकन मंचुरियन’ लोकप्रिय केले. वसई, नालासोपारा, विरार या स्थानकांबाहेर संध्याकाळी लाल रंगाच्या ‘चायनीज’ गाड्यांची रांग लागते; त्यांवरील ‘चायनीज भेळ’ हा पदार्थ चीनमध्ये कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. या गाड्या चालवणारे बहुतेक भारतीयच असतात. जून २०२० मध्ये गलवान येथील चकमकीत २० भारतीय जवानांना वीरमरण आले. त्यानंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थांवर व ते विकणाऱ्या उपाहारगृहांवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. गाड्या मात्र चालूच राहिल्या. माझगावच्या मंदिरात चिनी नववर्षाला मुंबईत उरलेली कुटुंबे अजूनही एकत्र येतात.