आगटीभोवतीची माणसं

हुरडा हे काही वेगळं पीक नव्हे. जोंधळ्याच्या आयुष्यातले ते आठ-दहा दिवस असतात. कणीस निसवतं, फुलोरा झडतो आणि दाणा भरायला लागतो, तेव्हा आधी त्यात पातळ दूध असतं. ते दूध आटत आटत घट्ट होतं. दाणा चिमटीत दाबला आणि खव्यासारखा मऊ लागला, की तो हुरड्याला आला. त्या दिवसांत दाण्यात साखर जास्त आणि पीठ कमी असतं. पुढं ऊन लागत जातं तसं साखरेचं पीठ होतं, दाणा टणक होतो. मग त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. आमच्या भीमाकाठच्या काळ्या रानात रब्बीचा जोंधळा हस्ताच्या मागंपुढं पेरतात, म्हणून हे दिवस पौषाच्या आसपास, ऐन थंडीत येतात.

आता ‘हुरडा पार्टी’ असा शब्द झालाय. शहरातल्या माणसांना वाटतं, ही शेतकऱ्याची जुनी मौज. मौज होती, खोटं कशाला सांगू. पण तिच्यात राखण होती, भूक होती, आणि कुणी कुठं बसायचं याचे नियमही होते. त्याचं कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून पाहिलेलं आणि जुन्या माणसांकडून ऐकलेलं इथं मांडतो.

जोंधळा मूळचा आफ्रिकेतला. हजारो वर्षांपूर्वी तो आपल्याकडं आला आणि दख्खनच्या काळ्या मातीत असा रुजला, की तो परका होता हे सांगूनही पटत नाही. रब्बीच्या जोंधळ्याला वरचा पाऊस फारसा लागत नाही. खोल काळ्या जमिनीत मुरलेली ओल आणि थंडीतलं दव यावर तो येतो. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते त्या मातीमुळं. तिथल्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली, ती कथा याच मंगळवेढ्याची. आमच्या भागात धान्याची गोष्ट निघाली की दामाजीपंतांचं नाव आपोआप येतं.

भाकरीचा राजा मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात याच गावरान मालदांडीतून निवड करून मालदांडी 35-1 हा वाण काढला. इतकी वर्षं झाली, तरी भाकरीसाठी लोक तोच मागतात. पण हुरड्याला मालदांडी अवघड, कारण तिचा दाणा बोंडात घट्ट बसलेला असतो. हुरड्याचे वाण वेगळे. गूळभेंडी, सुरती, कुची कुची अशी त्यांची नावं. गूळभेंडीचं कणीस भाजून चोळलं की दाणे सुटून हातात येतात आणि गोडीही वेगळी. शेतकरी सगळं रान मालदांडीचं करायचा आणि विहिरीजवळ किंवा बांधाच्या कडेनं दोन-चार काकऱ्या गूळभेंडीच्या टाकायचा. त्या काकऱ्या विकायच्या नसत. त्या पैपाव्हण्याच्या.

आगटीचं काम दिसतं सोपं, पण त्याला जाणता माणूस लागतो. हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्यायचा. त्यात शेणकुटं रचून पेटवायची. लाकूड नको. लाकडाचा जाळ मोठा होतो, बाहेरून कणीस करपतं आणि आत दाणा कच्चा राहतो. शेणकूट सावकाश जळतं, त्याचा निखारा धगीला सारखा असतो. जाळ बसला, वर राखेचा पातळ थर आला, की चार-सहा कणसं दांड्याला धरून फुफाट्यात सारायची आणि फिरवत राहायची. बोंडं तडतडायला लागली, वास सुटला, की बाहेर काढायची. मग चोळायची. गरम कणीस तळहातावर घेऊन चोळणं हे नांगर धरलेल्या हाताचंच काम. दाणे घोंगड्यावर पडत, कोंडा फुंकरीनं उडवायचा आणि गरम आहे तोवर खायचा. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, लसणाचं तिखट, गूळ, मडक्यातलं दही. त्याच फुफाट्यात एखादं वांगं, हरभऱ्याचे डहाळे. नंतर ऊस आणि बोरं. हुरडा गार झाला की चामट होतो, त्यामुळं तो घरी नेऊन खायची गोष्ट नव्हे. आगटीजवळच बसावं लागतं. माणसं एकत्र येण्याचं मूळ कारण हे.

दुसरं कारण राखण. दाणा दुधात आला की पाखरांची झुंबड उडते. दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि रात्री रानडुकरं, चोरटे यांच्यासाठी जागायचं. थंडी मी म्हणत असायची. म्हणून राखणदार शेकोटी करणारच, आणि हाताशी कणसं असल्यावर ती त्यात घालणारच. शेजारच्या रानातला राखणदार शेकायला यायचा. अशी आगटी झाली असणार. आमचे आजोबा म्हणायचे, “आगटी पाव्हण्यासाठी नव्हती रं, ती राखणीसाठी होती. पाव्हणा मागनं आला.”

तिसरं कारण बोलायला कुणाला आवडत नाही. पौषापर्यंत बऱ्याच घरांतलं मागल्या सुगीचं धान्य तळाला गेलेलं असायचं. नवं धान्य खळ्यावर यायला महिना-दीड महिना अवकाश. त्या मधल्या दिवसांत कोवळं कणीस हे पोटभरीचं अन्न होतं. हुरड्याच्या दिवसांत राखणीला जाणाऱ्या माणसाची घरची एक भाकरी वाचते, असा हिशेब माझ्या आजीनं सांगितलेला मला आठवतो.

आता आगटीभोवती कोण बसायचं ते. मालक, त्याचे भाऊबंद, पाव्हणे हे घोंगड्यावर. सुतार, लोहार, न्हावी असे बलुतेदारही येत. वर्षभर त्यांनी औतं भरलेली, फाळ शेवटलेले, डोया केलेल्या. सुगीत त्यांना बलुतं मिळायचंच, पण हुरड्याला बोलावणं हा मान होता. महारवाड्यातला आणि मांगवाड्यातला माणूस मात्र घोंगड्यावर बसत नसे. रानाची राखण कितीदा तरी त्याच्याकडंच असायची, शेणकुटं त्यानं आणलेली असायची, आगटी त्यानंच पेटवलेली असायची. पण बसायचा तो बांधावर. भाजलेली कणसं त्याच्याकडं लांबून टाकत. त्यानं ती आपली आपण चोळायची. मी पोर असताना हे डोळ्यांनी पाहिलंय. 1958 साली कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला. कागदावरची महारकी त्यानं गेली, पण बांध आणि घोंगडं यांच्यातलं अंतर तेवढ्यानं गेलं नाही. जुनी आगटी किती गोड होती हे लिहिणाऱ्यानं ते अंतरही लिहावं.

बाया तर त्या वर्तुळात नसतच. चटणी त्यांनी पाट्यावर वाटलेली, दही त्यांनी लावलेलं. ते पोहोचवायचं आणि भांडी घेऊन परत यायचं. आमच्या भागात, आणि पलीकडं लातूर-धाराशिवकडं जास्तच, वेळा अमावस्येला सगळं घर रानात जातं. कडब्याची कोप करून पूजा करतात, आंबील आणि भजी असते. बाईमाणसाला रानात निवांत बसून जेवायचा हक्काचा दिवस म्हणजे तो. बाकी खुरपायला आणि काढणीला मात्र त्याच पुढं.

मग 1972 चा दुष्काळ आला. त्या साली हुरडा नव्हता, कारण कणीसच नव्हतं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. घरातली मोठी माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला जायची. तिथं सुकडी मिळायची. रेशनला मिलो आला, अमेरिकेतला लाल जोंधळा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. तरी त्यानं माणसं जगवली, हे विसरता येत नाही. त्याच दुष्काळातनं रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा आग्रह धरला आणि 1977 साली तिचा कायदा झाला. एक गोष्ट मी त्या कामावर पाहिली. खडीच्या ढिगावर पाटलाची सून आणि महारवाड्यातली बाई शेजारी शेजारी बसून हातोडा मारायच्या. भुकेनं काही वर्षं का होईना, घोंगडं उचललं होतं.

संकरित ज्वारीचा पहिला वाण, सी.एस.एच.-1, 1964 सालीच आला होता. दुष्काळानंतर तो गावोगाव पसरला. हायब्रीडनं पोती भरली, हे कबूल करायला हवं. पण ती खरिपाची. कणीस भरलं आणि पाऊस लागून राहिला की दाणा काळा पडायचा. ताट बुटकं, कडबा थोडा, भाकरीला चव नाही. आणि भर पावसाळ्यात आगटी कुठं पेटणार? हायब्रीडच्या रानात हुरड्याची रीत कधी बसलीच नाही.

1980 साली उजनी धरण पुरं झालं. भीमेला पाणी राहिलं, कालवे आले, ऊस आला. ज्या रानाला पाणी मिळालं त्यातला जोंधळा गेला. उसाला कारखाना आहे, जोंधळ्याला कोण आहे? शिवाय जोंधळा काढायला मजूर मिळेना. ताटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळायची, हे कंबरतोडीचं काम. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर तर गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला होता. घरोघरी चपाती आली. जोंधळा राहिला तो कोरडवाहूवाल्याकडं, आणि तोही बराचसा कडब्यासाठी. राखण गेली तशी आगटीही गेली. मधली दहा-पंधरा वर्षं आमच्या शिवारात हिवाळ्याच्या रात्री एकही निखारा दिसत नव्हता.

आगटी परत पेटली ती गिऱ्हाइकासाठी. आधी पुण्याच्या आणि नगरच्या रस्त्यांवर पाट्या लागल्या, मग आमच्याकडं. कृषी पर्यटन हा शब्द आला. 2020 साली राज्य सरकारनं त्याचं धोरणही केलं. आमच्या पुतण्यानं विहिरीजवळची दहा गुंठे गूळभेंडी त्यासाठी धरली. माणशी पैसे, हुरडा पोटभर, वर पिठलं-भाकरी. घरात वाद झाला. माझे थोरले बंधू म्हणाले, “हुरडा विकायचा? उद्या पाणी पाजल्याचंही पैसं घ्या.”

पुतण्या म्हणाला, “तात्या, 2023-24 ला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3225 रुपये. कोरडवाहू एकरात चार-पाच पोती झाली तरी बरं म्हणायचं. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी वजा करा आणि मला सांगा काय उरतं ते.”

थोरले गप्प झाले. मीही मनात हिशेब केला. कोवळी कणसं मोडल्यावर ताटं हिरवी असतात, ती जनावरांना जातात. काढणी-मळणीचा खर्च नाही. त्या दहा गुंठ्यांनी बाकीच्या एकराचा तोटा भरून काढला. 2023 हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. व्याख्यानं पुष्कळ झाली. आमच्या जोंधळ्याला खरा आधार दिला तो त्या दहा गुंठ्यांनी.

पैसे देऊन आलेला माणूस कुठं बसतो, हेही मी पाहिलं. तो सरळ घोंगड्यावर बसतो. बाया बसतात, पोरी बसतात, आणि तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात कचेरीतल्या मित्रमैत्रिणींबरोबर एक मुलगी आली. बोलता बोलता कळलं, ती आमच्याच गावची, आमच्या रानाची राखण करणाऱ्या माणसाची नात. आता मोठ्या शहरात नोकरीला. ती घोंगड्याच्या मधोमध बसली आणि माझे थोरले बंधू तिच्यापुढं कणीस चोळत होते. तिला ते बांधावरचं ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. पैशानं आपुलकी कमी झाली असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकतो, त्यात तथ्यही आहे. पण बोलावण्याच्या आगटीनं जे केलं नाही ते तिकिटाच्या आगटीनं केलं, हे मला दिसलंय.

एक काळजी मात्र राहते. हुरड्याचं कणीस खाल्लं की त्याचं बी होत नाही. मागणी वाढली तसे काही जण सगळीच काकरी कोवळी मोडतात आणि पुढल्या साली बी बाजारातनं आणतात. अशानं घराघरातलं गावरान गूळभेंडीचं बी तुटत चाललंय. आमची आजी हुरडा सुरू होण्याआधी रानात फिरायची. भरलेली, टपोरी, कीड नसलेली कणसं हेरून त्यांच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या कणसाला राखणदारानं हात लावायचा नाही, पाव्हण्यानं नाही आणि घरच्या पोरानंही नाही. ती शेवटपर्यंत ताटावर वाळायची. मग कणसंच्या कणसं आढ्याला टांगली जायची, चुलीचा धूर लागून त्यांना भुंगा लागत नसे.

आता घरी चूल नाही, आढंही नाही. पुतण्या बी राखेत घोळून पत्र्याच्या डब्यात ठेवतो. पण यंदा पार्टीच्या आदल्या दिवशी त्याची बायको चिंध्या घेऊन रानात गेली होती. मी मोजल्या, साठ कणसांना बांधल्या होत्या. दहा गुंठ्यांच्या पेरणीला साठ कणसांचं बी पुरून उरतं.