गोंदणारणीचा हलका हात

गोंदण म्हणजे सुईने कातडीत काळा रंग उतरवणे. सुई टोचली की दुखणारच. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे होते, आणि गोंदणारणीची पारख तिच्या नक्षीइतकीच तिच्या हातावरूनही होई. जिचा हात हलका, तिच्याकडे आया आपल्या लेकी विश्वासाने बसवत. दुखणे टाळता येत नसले तरी ते सोसण्याजोगे करणे हा या कसबाचाच भाग होता. गोंदणाच्या इतिहासात नक्षी, श्रद्धा आणि जातींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. गोंदून घेणाऱ्या पोरीला धीर कसा दिला जाई, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

गोंदणाऱ्या बायका बहुतेक भटक्या जमातींतल्या असत. दख्खनमध्ये आणि कर्नाटकाच्या सीमेवर कोरवी आणि कैकाडी बायका टोपल्या विकता विकता गोंदत. गोंडांमध्ये हे काम ओझा बायकांचे असे, तर मध्य प्रदेशातल्या बैगांसाठी बादी समाजाच्या बायका येत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील ग्रंथात ओझांच्या या व्यवसायाची नोंद आहे. व्हेरिअर एल्विन यांनी ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात बैगांचे गोंदण बारकाईने टिपले आहे. सुगी झाली की या बायका गावात येत. मोबदला धान्याचा, मिठामिरचीचा किंवा जुन्या लुगड्याचा. पावसाळ्यात टोचलेली जागा चिघळते, म्हणून गोंदणाचा हंगाम कोरड्या दिवसांतला.

साहित्य अगदी थोडे लागे. तेलाच्या दिव्यावर पालथे भांडे धरून काजळी जमवायची आणि ती तेलात, पाण्यात किंवा पाल्याच्या रसात खलायची. काही ठिकाणी बाळंतिणीचे दूध वापरत. तीन-चार किंवा त्याहून जास्त शिवणाच्या सुया एकत्र धरून दोऱ्याने घट्ट बांधत आणि टोके तेवढी उघडी ठेवत. आधी बारीक काडी काजळीत बुडवून कातडीवर नक्षी काढली जाई. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने नि बोटाने कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताने सुया भराभर टोचत रेघ पुरी करायची. कातडी नीट ताणली नाही तर सुई अडखळते, रंग धड बसत नाही आणि त्याच जागी पुन्हा टोचावे लागते. पोरीला सर्वांत जास्त त्रास होतो तो या दुसऱ्या फेरीचा. हलका हात म्हणतात तो बराचसा या डाव्या हाताच्या पकडीत असतो.

खोलीचे गणितही हातालाच ठाऊक असावे लागे. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, त्यामुळे तिथे ठेवलेला रंग काही आठवड्यांत निघून जातो. रंग टिकायला सुई त्याच्या खालच्या थरात, म्हणजे वरून साधारण एक-दोन मिलिमीटर आत, पोचावी लागते. त्याहून खोल गेली तर रक्त जास्त येते, रंग पसरतो आणि जखम भरायला वेळ लागतो. काजळीचे कण तिथल्या पेशी गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलतात, असे २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले. आज्यांच्या हातांवरच्या तुळशी सत्तर-सत्तर वर्षे टिकल्या त्या अशा. काळी काजळी कातडीच्या आडून निळसर हिरवी दिसते, म्हणून बोलण्यात गोंदण नेहमी ‘हिरवे’.

धीर देण्याचे मुख्य साधन म्हणजे गाणे. गोंदणारीण टोचता टोचता गात असे आणि भोवती बसलेल्या बायका साथ धरत. गाण्यात माहेर, सासर, भाऊ आणि अंगावर उमटत असलेली नक्षी यांचीच नावे गुंफलेली असत. गाण्याच्या ठेक्यावर सुई चाले, त्यामुळे पुढचा टोचा कधी पडणार हे पोरीला कळत राही. अचानक बसणाऱ्या टोच्यापेक्षा अपेक्षित टोचा कमी झोंबतो. पोर आईच्या किंवा मावशीच्या मांडीवर बसे. कोणी तिचा दंड चोळे, कोणी पाठीवरून हात फिरवी. चोळल्याने दुखणे कमी का जाणवते याचे शास्त्रीय स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले. स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संवेदनांची वाट अडवतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे. ओसरीवरच्या बायकांना हे अनुभवाने कळलेले होते.

काम एका बैठकीत उरकण्याची घाईही नसे. बैगांमध्ये कपाळावरचे गोंदण लहानपणी होई. पाठ, हात, पाय आणि मांड्या यांची पाळी पुढे वयाप्रमाणे येई. एकेका वेळी सोसेल तेवढेच. पुरुषांची नजर पडू नये म्हणून हे काम त्यांच्यापासून दूर होई. महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांत नक्षी त्यामानाने लहान असे: कपाळावर ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशी वृंदावन, लक्ष्मीची पावले, विंचू, कमळ. मांसल दंडावर कमी दुखते. मनगट, घोटा आणि हनुवटी यांच्या हाडाशी कातडी पातळ असते, तिथे टोचा जास्त लागतो. काम झाले की जागा धुऊन तिला तेल-हळद लावत. खपली पडेपर्यंत ती खाजवायची नाही, ही ताकीद असेच.

या सगळ्या मायेत एक उणीव होती, आणि ती छोटी नव्हती. पोरीला विचारत नसत. गोंदल्याशिवाय लग्न कसे व्हायचे, मेल्यावर बाईबरोबर वर जाणारा हा एकच दागिना, अशा समजुतींच्या जोरावर घरच्या मोठ्या बायका निर्णय घेत. सात-आठ वर्षांची पोर रडून हात ओढू लागली तर चौघीजणी तिला धरून बसवत. गोंदणारीण दुखणे हलके करू शकत होती. ‘नको’ म्हणण्याचा हक्क पोरीला देणे तिच्या हाती नव्हते.

संमतीशिवायच्या गोंदणाचे सर्वांत क्रूर रूप कंपनी सरकारने घडवले. बंगालमध्ये १७९७ च्या नियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांच्या गुन्ह्याची नोंद गोंदली जाऊ लागली, आणि मद्रास इलाख्यातही ही शिक्षा होती. १८४९ साली ती रद्द झाली. कैदी पळाला तरी ओळखू यावा हा हेतू, पण सुटलेल्या माणसालाही ते कपाळ घेऊनच जगावे लागे. तंत्र तेच, सुई तीच, आणि माणसाला मात्र त्यात काडीची किंमत नाही. पुढे कंपनीच्या जागी आलेल्या ब्रिटिश सरकारने गोंदणाऱ्या जमातींवरही शिक्का मारला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर दक्षिणेपर्यंत पोचला आणि कैकाडी, कोरवी अशा जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचा नाही. अनेक कुटुंबांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत राहावे लागले. जिचा धंदाच गावोगाव फिरण्याचा आणि घरातल्या बायकांच्या विश्वासावर चालण्याचा, तिला यापेक्षा मोठा घाव बसणे अवघड. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण संशयाची सवय गावांतून लगेच गेली नाही.

दरम्यान यंत्र आले होते. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओराइली यांनी १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. एडिसन यांच्या विजेच्या लेखणीवरून ते सुचले होते. या जातीची यंत्रे पुढे महाराष्ट्राच्या जत्रांत पोचली. पाटीवर नमुने मांडलेले, समोर बॅटरीवर गुणगुणणारे यंत्र, आणि गिऱ्हाइकांत आता पुरुषही. हातावर ‘आई’, मारुती, ॐ, स्वतःचे किंवा मित्राचे नाव. नवऱ्याचे नाव तोंडाने न घेणाऱ्या बायकाही ते मनगटावर गोंदून घेत. यंत्र हातापेक्षा कितीतरी वेगाने टोचते, त्यामुळे काही मिनिटांत काम होई. पण गाणे गेले, मांडी गेली आणि गर्दीत कुणाला कसे सोसवते हे बघायला सवड उरली नाही. तीच सुई नि तोच रंग एका हातावरून दुसऱ्या हातावर जाई. त्यातून कावीळ पसरवणारे हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू जाऊ शकतात, आणि एचआयव्हीचाही धोका असतो. गोंदलेल्या रेघेवरच कुष्ठरोगाचे चट्टे उमटल्याच्या नोंदी छत्तीसगडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केल्या आहेत. सुया सामायिक असण्याचा हा दोष जुन्या ओसरीवरच्या गोंदणातही होता, हे मान्य केले पाहिजे. जत्रेच्या गर्दीने तो कितीतरी पट वाढवला.

शाळा आणि शहर यांच्याबरोबर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंदणाला गावंढळपणाचा शिक्का बसला. कपाळावरचा ठिपका टिकलीखाली झाकला जाऊ लागला, हनुवटीचा झाकता येईना. आता लेसरने ते काढता येते. काजळीचे हाताने गोंदलेले ठिपके स्टुडिओतल्या दाट रंगांच्या मानाने कमी बैठकांत फिके होतात. लेसरही दुखतोच, पण तो निर्णय बाई स्वतः घेते.

मुंबई-पुण्यात टॅटू स्टुडिओ आले ते या पार्श्वभूमीवर. चांगल्या स्टुडिओत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी, बंद पाकिटातली सुई समोर उघडली जाते. रंग छोट्या टोपणात वेगळा काढतात नि उरलेला टाकून देतात. पुन्हा वापरायची अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेवर निर्जंतुक होतात. नक्षीचा ठसा आधी कातडीवर उमटवून दाखवतात आणि पसंत नसेल तर पुसतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना परत पाठवतात, मोठ्यांकडून लेखी संमती घेतात. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, ॲलर्जी, जखमेचा व्रण फुगण्याची सवय हे सगळे आधी विचारले जाते. रिकाम्या पोटी चक्कर येऊ शकते, म्हणून जेवून यायला सांगतात. लिडोकेन असलेले मलम तासभर आधी लावले तर कातडी बधिर होते. मात्र ते मोठ्या भागावर फासले तर औषध रक्तात जाऊन अपाय करू शकते, तेव्हा त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे लागते. जाणता कलाकार दर थोड्या वेळाने थांबतो, पाणी देतो, पुढे कुठे टोचणार ते सांगतो आणि ‘थांबा’ म्हटले की हात उचलतो. ही शेवटची गोष्ट जुन्या पद्धतीत नव्हती, आणि या व्यवसायाने केलेली सर्वांत मोठी सुधारणा तीच आहे.

गेल्या काही वर्षांत यंत्राशिवाय, हाताने टोचून गोंदण्याची पद्धत स्टुडिओंमध्ये पुन्हा रुजली आहे. यंत्राच्या गुणगुणीनेच ज्यांच्या पोटात गोळा येतो ते हिच्याकडे वळतात. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. काही तरुणी आजीच्या हातावरचे ठिपके किंवा तुळस जशीच्या तशी उतरवून मागतात, आणि कलाकार आजीच्या हाताचा फोटो समोर ठेवून एकेक ठिपका टोचतो.