बॉबिनच्या लेसींतील कांठ आणि टाका : नांवांचा पुरावा

युरोपांतील लेसचा इतिहास लिहितांना जुन्या याद्यांतील नांवांवर फार भिस्त ठेवण्यांत येते. ती कोठवर ठेवावी, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

इटालियन 'मेर्लेत्तो' म्हणजे तटावरची लहानशी चर्या. फ्रेंच 'दांतेल' म्हणजे लहान दांत, व तेथील 'दाँ' आणि आपला 'दंत' हे एकाच कुळांतले. जर्मन 'श्पित्से' म्हणजे टोंक. डच 'कान्त' म्हणजे तर नुसती कड. (कान्त व कांठ यांच्या उच्चारसाम्यावरून मात्र कोणीं घाई करूं नये.) सगळ्या कलेस नांव मिळालें तें कांठावरून. व्हेनिस येथें १५५७ मध्यें छापलेल्या 'ले पॉम्पे' या नमुनासंग्रहांतही अरुंद पट्ट्या व टोंकदार किनारी यांचाच भरणा आहे. येथवर नांवें खरें बोलतात.

किनारीस दोन बाजू असतात. वस्त्रास शिवावयाची सरळ बाजू ती 'पाय'. मोकळी, नागमोडी ती 'डोकें'. पायाशीं सुताची जोडी टांचणीस वळसा घालून आंत परतते. डोक्याकडे तेंच सूत टांचणीभोंवतीं फिरवून बारीक फांसे ठेवितात. त्यांस 'पिको' म्हणतात.

'टाका' या शब्दाची गोष्ट निराळी. या कामांत सुई नाहींच. उशीवर नमुना टांचून, कोष्ट्याच्या कांडीसारख्या लांकडी बॉबिनांवर गुंडाळलेलीं सुतें जोडीजोडीनें चालवितात. हालचाली दोनच : मधलीं दोन सुतें एकमेकांवरून नेणें, आणि प्रत्येक जोडीस पीळ देणें. एकदां नेऊन एकदां पिळलें कीं अर्धा टाका. नेणें, पिळणें व पुन्हां नेणें, हा कापडी टाका, व त्याची वीण खरोखर मागावरल्यासारखी दिसते. म्हणजे टाका हें नांव शिवणकामांतून उसनें आलेलें.

या उसनवारीनें संशोधकास फसविलें आहे. इंग्लंडनें १६६२ मध्यें परदेशी लेसची आयात बंद केली. त्या काळापासून 'प्वाँ द आंग्लतेर', म्हणजे इंग्लंडचा टाका, या नांवानें प्रसिद्ध झालेली लेस मुख्यत्वें ब्रसेल्सची, आणि मूळची बॉबिनचीच. टाकाही नव्हे आणि इंग्लंडचाही नव्हे! यादींत 'प्वाँ' आढळला म्हणून ती लेस सुईची असें ठरवूं नये. वस्तु उपलब्ध असल्यास भिंगाखालीं तिचा दाट भाग पाहावा : सुतें उभीं-आडवीं विणलेलीं दिसलीं तर बॉबिन, काजाच्या टाक्यांच्या ओळी दिसल्या तर सुई.